चार ढीग, दोनदा

४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार, ख्यालीखुशाली वगैरे सगळं गृहीत धर. मी ताकाला जाऊन भांडं लपवणार नाही. काल फोनवर दादा बोलता बोलता म्हणाला, "बाबांचं बरं चाललंय, रोज चारच्या ठोक्याला हिच्याशी पत्ते खेळतात." मी म्हटलं, "कुठले पत्ते?" तर म्हणतो, "तेच गं, जाड पुठ्ठ्याचे." इतकं सहज! पुढे तो गॅस सिलिंडरबद्दल काहीतरी सांगत होता, मला काही ऐकू आलं नाही. तुला फोनच केला असता, पण फोन बाबांच्या उशाशी असतो आणि लकव्याने त्यांचा हात गेला तरी कान शाबूत आहेत. म्हणून पत्र.

ते पत्ते तुला ओबडधोबड वाटत असतील. बाबा छापखान्यात कापणीच्या यंत्रावर होते तेव्हा पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या कडा कापल्या जायच्या. त्यातली एक पट्टी त्यांनी घरी आणली. तिचे सोळा तुकडे झाले, म्हणून पत्ते सोळा. एक ते सोळा आकडे त्यांनीच शाईने काढले. मी सात वर्षांची होते. खेळही त्यांनीच बसवला: आठ पानं तुला, आठ मला, एकाने टाकायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं, मोठं पान हात घेऊन जातं. चार-चार हात झाले तर धाकट्याचा डाव. दर रविवारी सकाळी आम्ही दोघंच बसायचो. दादाला बोलवलं तरी तो पाच मिनिटांत उठून जायचा.

आता मुद्द्याचं. पत्ते पिसतं कोण? बाबांचा डावा हात तर चालत नाही. आणि पिसतात कसे, ते नीट लिही. सहज विचारतेय असं समजू नकोस, सहज नाहीच विचारत. मला जळायला होतंय. अडतीस वर्षांच्या बाईला सोळा पुठ्ठ्यांवरून जळायला होतं, याला हसायचं असेल तर हसून घे आणि मग लिही.

तुझी,
नणंद

---

१३ मार्च

प्रिय वन्सं,

("वन्सं" म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून मुद्दाम.)

हसले. भरपूर हसले. मग लिहायला बसले.

मी काही मागून घेतलेलं नाही हे. औषधांच्या दुकानातून मी दोनला परत येते, भांडी आवरते, जरा पाठ टेकते. चार वाजले की बाबा उजव्या हाताच्या बोटांनी टेबलावर टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं पाणी हवंय. पाणी नेलं तर मान हलवली, पुन्हा टकटक. समोर हे पत्ते. तेव्हापासून बसते. माझं डोकं दुखत असलं तरी बसते.

पिसतात तेच. हे पत्ते इतके जाड की दोन भाग करून फर्रर्र करून एकमेकांत सोडता येत नाहीत. आणि हातातल्या हातात वरखाली करायचे तर दोन्ही हात हवेत, शिवाय सोळाच पानं असली की तसं करून चार-पाच पानांचे गठ्ठे जसेच्या तसे राहतात. बाबा सगळे पत्ते पालथे टेबलावर पसरतात आणि उजव्या तळव्याने गोल गोल घोळतात, चांगली दोन-दोन मिनिटं. एखादा खाली पडतो, तो मी उचलून मध्ये सरकवते. मग गोळा करून वाटतात.

आणि खेळतात कसे म्हणाल, तर दयामाया नाही. आतापर्यंत तेवीस डाव झाले, त्यातले एकोणीस मी हरले, बरोबरीचे डाव धाकटीला मिळूनसुद्धा. कुठलं पान माझ्याकडे उरलंय ते त्यांच्या बरोबर लक्षात असतं. जीभ जड झालीये, पण "हरलीस" हा शब्द मात्र अगदी खणखणीत येतो. एकदा माझी बहीण आली होती, तिच्यासमोरही ते ऐकून घेतलं.

तेव्हा जळायचं असेल तर खुशाल जळा, पण हरणारीवर कुणी जळतं का?

तुमची,
वहिनी

---

२१ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून इतकं बरं वाटलं की दुपारी कारखान्यात चष्म्याच्या तीन काचा जास्त घासल्या. म्हणजे त्यांनी तुला चार ढिगांची पद्धत दाखवलेली नाही! मला वाटलंच होतं. ती फक्त माझी आणि त्यांची.

आता तू म्हणशील, कसली पद्धत. सांगून टाकते, माझ्याकडून ती काही कमी होत नाही. गड्डी पालथी हातात धरायची. वरून एकेक पान घेऊन डावीकडून उजवीकडे चार ढीग करायचे: पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पुन्हा पहिलं. सगळी पानं संपली की पहिल्यावर दुसरा ढीग ठेवायचा, त्यावर तिसरा, सगळ्यांत वर चौथा. झाली एक फेरी. मग अगदी तसंच आणखी एकदा. चार ढीग, दोनदा. आणि आमच्या घरी पत्ते काटायचे नाहीत. बाबा म्हणायचे, काटलं की आपलंच नशीब कापलं जातं. त्यात नाजूकपणा आहे, प्रत्येक पान शेजारच्यापासून वेगळं होतं. तुझं ते पसरून घोळणं म्हणजे धान्य निवडल्यासारखं. एका हाताने ढीग करणं तर उलट सोपं. तरी ते तुझ्यासमोर करत नाहीत, यातच काय ते समज.

आणि पिसायची मी. बाबा कपाटातून गड्डी काढून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तूच पिस." म्हणजे लबाडीचा प्रश्नच नाही. तरीही मी जिंकायचे! दहांतले नऊ डाव. मोठी पानं माझ्याकडे चालत यायची. बाबा कपाळावर हात मारून म्हणायचे, "हिचा हातच तसा आहे."

मी घर सोडलं ते त्या हाताच्या जोरावर, हे तुला दादाने सांगितलंय का? विसाव्या वर्षी मला इथे येऊन काचा घासायचं काम शिकायचं होतं. आई नाही म्हणाली, मामा नाही म्हणाला, सगळं घर एका बाजूला. बाबा म्हणाले, "डाव खेळू. जिंकलीस तर जा." मी स्वतः पिसले, चार ढीग, दोनदा. सहा-दोनने जिंकले. मग आईनेही हो म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी दादाला जहाजावर जायचं होतं, तेव्हाही असाच डाव झाला. तो हरला आणि बाबांच्याच छापखान्यात लागला. वाईट वाटतं मला त्याचं. पण हात ज्याचा त्याचा.

तू मनाला लावून घेऊ नकोस. एकोणीस काय, एकोणनव्वद डाव हरलीस तरी ते तुझ्याशी खेळतीलच. चांगल्या स्वभावाचे आहेत.

तुझी,
नणंद

---

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. पद्धत करून पाहिली. नीट लिहिली होतीत, जमली.

बाबांचं ब्लडप्रेशर परवा थोडं वाढलं होतं, आता ठीक आहे. बाथरूमच्या नळाला नवीन वॉशर बसवला. तुमच्या दादांच्या छापखान्यात काम फार आहे, घरी येईपर्यंत सात होतात. इकडे बाकी विशेष काही नाही.

तुमची,
वहिनी

---

१० एप्रिल

प्रिय वहिनी,

एवढंसंच पत्र? नळाचा वॉशर? मी नणंद आहे तुझी, नळदुरुस्तीचं खातं नाही.

तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात हे न सांगता कळतं. मीही पहिल्या पत्रात जळले होते, पण मी लिहून मोकळी झाले. तू आपली ब्लडप्रेशरमागे लपतेस. अगं, त्यात लाज कसली? तू घरात येऊन पंधरा वर्षं झाली, बाबांचं सगळं तू करतेस, औषध, आंघोळ, जेवण. मान्य. पण करणं वेगळं आणि काही गोष्टी मुळातच असणं वेगळं. सुनेला सगळं मिळतं, लेकीचं तेवढं मिळत नाही. कुणी ठरवून करत नाही ते.

मालकांनी मेमध्ये चार दिवसांची रजा दिलीये. दोन तारखेला पोचते. चार वाजता त्या खुर्चीवर मी बसणार, तू तेवढे चार दिवस तुझी पाठ नीट टेक. आणि जाताना पत्ते मी घेऊन जाईन. तुम्हाला खेळायला बाजारातले आण, चकचकीत असतात, घोळायलाही बरे. ते पत्ते माझे आहेत, हक्काचे. बाबांना मी विचारीन, ते नाही म्हणायचे नाहीत.

तुझी,
नणंद

---

१७ एप्रिल

वन्सं,

मी हे लिहिणार नव्हते. पंधरा दिवस गिळून बसले होते. तुम्हीच ओढून काढलंत.

तुमची पद्धत मी दुकानात करून पाहिली, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, गोळ्या मोजायच्या ट्रेमध्ये. पत्ते घरून नेले होते. मला दिवसभर पाच-पाचच्या ओळी मोजायची सवय. कुठलीही गोष्ट हातात आली की आधी ओळीने लावते. म्हणून पत्तेही आधी एक ते सोळा ओळीने लावले. मग तुम्ही सांगितलं तसं केलं. चार ढीग, पहिल्यावर दुसरा, तिसरा, वर चौथा. पुन्हा एकदा. आणि उलटून पाहिलं.

एक, दोन, तीन, चार. सरळ सोळापर्यंत. एक पान इकडचं तिकडे नाही.

मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा केलं. मग उलटसुलट कसेही लावून, क्रम कागदावर लिहून घेऊन केलं. सात वेळा. दर वेळी जसे लावले तसेच परत आले. वन्सं, हे पिसणं नाहीच. एका फेरीत पत्ते विस्कटतात आणि दुसऱ्या फेरीत परत आपापल्या जागी येऊन बसतात. म्हणून दोनदा. म्हणून काटायचं नाही. बाबा कपाटातून गड्डी काढून तुमच्या हातात द्यायचे ना? ती आधीच लावलेली असायची. तुमचा हात वगैरे काही नाही. मोठी पानं तुमच्याकडे चालत यायची नाहीत, ती पाठवली जायची.

आता माझं ऐका. त्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "तुमच्या जहाजाच्या डावाला पत्ते कसे पिसले होते?" हे म्हणाले, "बाबांनी टेबलावर पसरून घोळले." म्हणजे लेकीला लावून दिले आणि लेकाला नशिबावर सोडलं. माझा नवरा एकोणीस वर्षं रोज सकाळी त्या कापणी यंत्रासमोर उभा राहतो. जहाजाचा फोटो अजून पाकिटात आहे त्याच्या. आणि तुम्ही लिहिता, हात ज्याचा त्याचा!

आणि माझ्याशी? रोज घोळतात, रोज हरवतात. मला एकदासुद्धा लावून दिलं नाही. तुम्ही जळता म्हणे. जळते ती मी. कुणी माझ्यासाठी आयुष्यात एक पान सरकवून ठेवलेलं नाही.

या आणि घेऊन जा तुमचे पत्ते.

वहिनी

---

९ मे

वन्सं,

दोन तारीख गेली. बाबांनी तुमच्यासाठी दाढी करून घेतली होती. दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसले, मग म्हणाले, "गाडी चुकली असेल." त्या दिवशी टकटक केली नाही.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण तसं लिहायला नको होतं. निदान पत्र पोचल्याचं कळवा.

वहिनी

---

१४ मे

वहिनी,

मी आजारी नाही. रजा परत केली.

तुझ्यावर विश्वास बसला नाही म्हणून सोळा चिठ्ठ्या केल्या आणि कामाच्या टेबलावर मांडल्या. दोनदा केलं, आल्या जागेवर. शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, "काय गं, लॉटरी काढतेस?" काचेच्या कडेला केसाएवढी चूक असली तरी माझ्या बोटाला कळते, मालक चार लोकांत सांगतात. आणि तेरा वर्षं माझ्याच हातांनी जे केलं ते मला कळलं नाही.

तू म्हणतेस तुला जळायला होतं. कशावर? लहान पोराला खेळवतात तसं मला खेळवलं, त्यावर? वहिनी, तुला ते एकोणीस वेळा हरवतात कारण तुला समोरची समजतात. तुझ्याशी ते खरं खेळतात. मला आयुष्यात एकदा तरी खरं खेळून हरवायचं होतं त्यांनी. मी त्यांच्याशी किती डाव जिंकले हे चार माणसांत सांगत आले. सगळा पुठ्ठा निघाला तो.

आणि शेवटचा डाव. मला वाटायचं, मी जिंकून बाहेर पडले. आता कळलं, मला बाहेर घातलं. आई नको म्हणत होती, ते नको म्हणू शकत होते, त्यांनी गड्डी लावली. मुलगा घरी हवा होता, मुलगी नको होती. इतकं सरळ आहे ते.

मी येणार नाही. पत्ते तुलाच राहू देत.

नणंद

---

२३ मे

प्रिय वन्सं,

हे पत्र उभ्याने वाचू नका.

काल मी बाबांना विचारलं. चार वाजता, टकटक झाल्यावर. पत्ते हातात घेतले आणि त्यांच्यासमोर चार ढीग केले, दोनदा. ते बघत राहिले. मग हसले, चोरी पकडल्यावर हसतात तसं. म्हणाले, "सांगितलं तिला?" मी म्हटलं, "हो, आणि ती येत नाही." हसणं गेलं.

त्यांना बोलायला वेळ लागतो. अर्धा तास लागला. जेवढं बोलले तेवढं देते. म्हणाले, लहानपणी तुम्ही हरलात की दिवसभर कुणाशी बोलायचा नाहीत, म्हणून सुरू केलं. मग मोडवेना. मी विचारलं, "आणि शेवटचा? तिला घालवायचं होतं?" तर माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचीच लाज वाटली. म्हणाले, "मला ती जायला नकोच होती. नशिबावर सोडलं असतं तर प्रत्येक पानाला मी मनात 'हर, हर' म्हणालो असतो. तिला जायचं होतं. म्हणून लावले."

मग तुमच्या दादांचा डाव. बाबा म्हणाले, "त्याचेही लावले होते." मी थक्क. हे घरी आल्यावर बूटही काढू न देता यांना विचारलं. मग कबूल झाले: यांना ही ढिगांची करामत शाळेत असल्यापासून माहीत होती. खेळातून उठून जायचे ते त्याचमुळे. आपल्या डावाला बाबांनी गड्डी पुढे केली तेव्हा यांनीच ती टेबलावर पसरून घोळली. "असं दिलेलं जाणं मला नको होतं," म्हणाले, "खरं जिंकायचं होतं." आणि हरले. लाजेने मला सांगितलं ते बाबांच्या नावावर. दीड महिना मी सासऱ्यांवर मनातल्या मनात एक राग ठेवून त्यांना औषध देत होते, वन्सं, आणि तो माणूस निर्दोष. आमच्याकडे कालपासून अबोला आहे, पण तो आमचा आम्ही बघू.

खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खाल्लं एकाने आणि खवखव तिघांना.

तुमच्यावरचा राग गेला. जळणं गेलं नाही, खोटं कशाला बोलू? दोन्ही मुलांसाठी लावले, आणि मी आपली रोज घोळलेली पानं उचलते. पण तुम्ही या. चार दिवस मी खरंच पाठ टेकीन.

तुमची,
वहिनी

---

१९ जून

प्रिय वहिनी,

इकडे परत पोचले. काम सुरू झालं. काचेच्या भुकटीने बोटं पुन्हा पांढरी.

शनिवारचा डाव डोक्यातून जात नाही. तू बाबांच्या खुर्चीमागे बसली होतीस, तू पाहिलंसच, तरी लिहिते, कारण मला लिहायला मजा वाटतेय. येताना मी ठरवूनच आले होते. त्यांना जायला नको होती ना मी? मग विचारूनच टाकते. म्हटलं, "बाबा, पुन्हा डाव. तुम्ही जिंकलात तर मी नोकरी सोडून इथे येते, कायमची. मी जिंकले तर परत जाते." तुझा चेहरा मला दिसत होता! दादा दारात उभा. आणि या वेळी लबाडीला जागाच ठेवली नाही. सगळे पत्ते पसरले, दोन्ही हातांनी घोळले, तुमच्या डावांसारखे. वर तीनदा काटलेसुद्धा. गेलं नशीब कापलं तर गेलं.

आणि काय खेळले बाबा! पहिल्या सहा हातांत घाम फोडला. तीन-तीन. शेवटची दोन-दोन पानं उरली. माझ्याकडे नऊ आणि एक. त्यांच्याकडे पाच आणि सोळा, हे मी मोजत आले होते. म्हणजे मी हरले होते. माझ्या एकाला ते पाच टाकणार, नऊला सोळा, दोन्ही हात त्यांचे. खरं सांगू, मी मनात सामान बांधूनही टाकलं होतं, कुठल्या खोलीत झोपायचं तेही ठरवलं होतं. वाईट वाटत होतं आणि नव्हतंही.

एक टाकला. आणि त्यांनी त्यावर सोळा टाकला! एकावर सोळा! मग माझ्या नऊपुढे बिचारा पाच. चार-चार, धाकटीचा डाव.

वहिनी, माझ्या आयुष्यातला हा पहिला खरा डाव. तेरा वर्षांचे सगळे पुठ्ठ्याचे गेले, पण हा माझा. कुणी लावून दिलेला नाही. गाडीत पूर्ण रस्ताभर हसत होते, समोरचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

एकच काळजी. त्यांना तो एक अकरासारखा दिसला असणार, शाई पुसट झालीये आणि शेजारी चरा पडलाय. अकरा तर केव्हाच पडून गेला होता, एरवी ते विसरले नसते. म्हणजे डोळे उतरलेत. डॉक्टरांकडे नेऊन नंबर काढून कळव. काच मी स्वतः घासून पाठवते, या कामात तरी त्यांना माझा हात खरा मिळेल.

तुझी,
नणंद

---

२ जुलै

प्रिय वन्सं,

हे पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनांत नंबर वाढल्याचं लिहिलं होतं, एकात पाव, एकात अर्धा. मग वाटलं, तुम्ही तशी काच घासाल आणि ते मुकाट्याने ती डोळ्यांवर चढवून बसतील, तुम्हाला कळू नये म्हणून. ते करतील, मी ओळखते त्यांना.

मागे मी रागाने सांगितलं होतं. आज राग नाही. त्या दिवशी मी त्यांच्या मागे होते. तुम्ही एक टाकलात तेव्हा त्यांचं बोट आधी पाचावर गेलं. मग थांबलं. दारातल्या दादांकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग सोळा उचलला. तुम्ही उठून दादांना मिठी मारलीत तेव्हा ते पत्ते गोळा करत होते आणि एका हाताने त्यांना ते जमत नव्हतं. गाडी सुटल्याचा फोन आल्यावर त्यांनी मला तीन डाव हरवलं, एकामागून एक, आणि एकदाही "हरलीस" म्हणाले नाहीत.

मला अजून जळायला होतं, वन्सं. आता तर जास्तच.

डोळे तपासून आणले. नंबर तोच आहे. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतकी स्वच्छ नजर क्वचित पाहायला मिळते.

तुमची,
वहिनी